बिल्ला, चुंबळ आणि काळी ट्रंक

पहाटे ४.४५
हैदराबादचं विद्यानगर. दुर्गाबाई देशमुख रुग्णालयामागची गल्ली. दुसऱ्या मजल्यावर एकच खोली, भाडं सहा हजार, वीज वेगळी. सिकंदराबाद स्टेशनवरचे हमाल मामा कमरेला मणक्याचा पट्टा आवळतात. त्यावर लाल सदरा, दंडावर पितळी बिल्ला. पंचा खांद्यावर टाकतात. तो गोल वळला की चुंबळ होते. मूळ गाव उदगीरकडचं. बिल्ला वडिलांचा, त्यांच्यामागे यांच्याकडे आला.

६.०५
विद्यानगर स्टेशन. सिकंदराबादचं लोकलचं तिकीट ५ रुपये. जामिया उस्मानिया, आर्ट्स कॉलेज, सीताफलमंडी. मामा दारापाशी उभेच राहतात. "बसलं की कंबर धरते," म्हणतात.

६.३०
सिकंदराबाद. पत्र्यांचे आडोसे, क्रेन, सिमेंटची धूळ. नव्या स्टेशनचं काम चालू आहे. जुनी इमारत २०२५ मध्ये पाडली. त्याच वर्षी जानेवारीत चर्लापल्लीचं टर्मिनल सुरू झालं आणि बऱ्याच गाड्या तिकडे वळल्या. "गाडी गेली, तिच्यासंगं आमचं वज्जंबी गेलं."

७.२०
पहिला बोजा. लष्कराच्या ईएमई सेंटरचा जवान, बदलीवर निघालेला. दोन काळ्या ट्रंका, एक होल्डॉल. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. "भैया, कितना?" मामा तीनशे सांगतात, जवान दोनशे. अडीचशेवर जमतं. मामा गुडघे वाकवतात, पाठ सरळ ठेवतात. दुसरा हमाल आणि जवान मिळून पहिली ट्रंक चुंबळीवर ठेवतात, दुसरी तिच्यावर. होल्डॉल खांद्याला. जिना चढताना मामा बोलत नाहीत. नजर चार पायऱ्या पुढे, एक हात ट्रंकेच्या कडीला. डब्यात सीटखाली ट्रंका सरकवून, कुलपाची बाजू आत करूनच ते पैसे घेतात.

९.१५
इडली चाळीस रुपये. चहा वीस. चुंबळ उलगडून वाळत घातलेली.

१०.४०
जवानांच्या प्रवासाचं बघणाऱ्या, स्टेशनवरच्या लष्करी एमसीओ कार्यालयाबाहेर मामा थांबतात. आत जवान प्रवासाचं वॉरंट दाखवतात, लष्करी कोट्यातली जागा विचारतात. बाहेर आलेल्याच्या चेहऱ्यावरून मामांना कळतं, जागा मिळाली की नाही. अख्खी पलटण हलते तेव्हा खास गाडी लागते. तिच्यावर हमालाची कमाई शून्य. सामान जवानच चढवतात. सुट्टीवरचा, बदलीवरचा एकटा जवान हेच खरं गिऱ्हाईक.

दुपारी १.००
फलाट शांत. डबा घरचा नाही. जेवण ऐंशी रुपये. इथली रेल्वे १८७४ मध्ये वाडीहून आली. पैसा निजामाच्या राज्याचा. मुंबई-मद्रास लाइनशी जोड मिळाली आणि सिकंदराबादच्या छावणीत गोऱ्या पलटणी थेट गाडीने उतरू लागल्या. त्यांच्याही ट्रंका कुणीतरी उचललेल्याच. फौजेच्या गाड्या तिकडे युरोपातही धावत. दुसऱ्या महायुद्धानंतर फाळणी झालेल्या जर्मनीत इंग्रज, अमेरिकन आणि फ्रेंच सैन्याच्या स्वतःच्या प्रवासी गाड्या होत्या. पूर्व जर्मनीतून बर्लिनला जाताना त्यांचे दरवाजे बंद ठेवत, सीमेवरच्या मारिएनबोर्नला सोव्हिएत अधिकारी कागद तपासत. गाडी पश्चिमेच्या फौजेची, तिला ओढणारं इंजिन मात्र पूर्व जर्मनीच्या रेल्वेचं. हे सांगितलं तर मामा विचारतात, "तिथल्या हमालाला काय भेटत असंल?"

३.३०
एका म्हाताऱ्या जोडप्याच्या तीन बॅगा. एकशेवीस रुपये. आजींना हात धरून डब्यात बसवणं त्यातच. नंतर चहा, वीस.

५.१०
ट्रेनिंग संपवून घरी निघालेली पोरं. केस बारीक कापलेले, ट्रंका नव्या कोऱ्या. दोघांमिळून दीडशे देतात. चार वर्षांची नोकरी असलेले अग्निवीर. १७ जून २०२२ ला याच स्टेशनावर या चार वर्षांच्या भरती योजनेविरुद्ध जाळपोळ झाली, पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण गेला. मामा त्या दिवसाबद्दल एवढंच सांगतात, "त्या दिवशी बोहणी झाली नाही."

७.४५
शेवटचा बोजा. कुटुंबासह निघालेला हवालदार. एक ट्रंक, तांदळाची गोणी, कुकरचं खोकं. घासाघीस न करता दोनशे देतो. निघताना "चलता हूँ, चाचा" म्हणतो. मामा त्याच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवतात. मग तिसरा चहा.

८.५०
परतीची लोकल. मामा बोटांवर हिशेब करतात. आले सातशे वीस. गेले: तिकिटं दहा, इडली चाळीस, जेवण ऐंशी, तीन चहा साठ. उरले पाचशे तीस. खोलीभाड्याचे रोजचे दोनशे काढले की तीनशे तीस. कंबरेच्या बामाची बाटली आज घेतली नाही. २००८ मध्ये तेव्हाचे रेल्वेमंत्री लालूप्रसादांनी हमालांना गँगमन केलं तेव्हा बिल्ला वडिलांच्या नावावर होता. त्यांचं वय बसलं नाही, मामांचं नाव कागदावर नव्हतं. तेव्हा गँगमन झालेले सोबती आज पगारावर आहेत.

९.३०
विद्यानगर. जिना चढताना मामा कठड्याला धरतात. बिल्ल्याला पगार नाही. ज्या दिवशी बोजा नाही त्या दिवशी पैसा नाही. हमालीचे दर रेल्वेच ठरवते. पुढच्या वेळी स्टेशनवर हमाल केलात, तर आधी ते दर बघा आणि त्याहून कमी देऊ नका.