सोलापूरच्या टॉवेलची किंमत नेमकी कोण ठरवते?

सोलापूर, प्रतिनिधी – अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत विणला जाणारा टॉवेल ही वरकरणी अगदी साधी वस्तू. सूत, रंग, वीज आणि मजुरी यांची बेरीज केली, त्यात थोडा नफा मिळवला की किंमत निघावी, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात यांपैकी फार थोडे घटक सोलापूरच्या हाती आहेत. कापसावर आयातशुल्क असावे की नसावे याचा निर्णय दिल्लीत होतो. तयार मालावर परदेशी बंदरात किती कर लागेल हे वॉशिंग्टन वा ब्रसेल्स येथे ठरते. घरबसल्या खरेदी करणाऱ्या ग्राहकाला कोणाचा टॉवेल आधी दिसावा, हे तर सिएटल आणि बंगळुरू येथे मुख्यालये असलेल्या कंपन्यांची संगणकप्रणाली ठरवते. राजकारण, व्यापारधोरण आणि बडे तंत्रज्ञान उद्योग यांचा एकमेकांशी संबंध काय, हा प्रश्न एरवी पाठ्यपुस्तकी वाटतो. सोलापुरात मात्र तो मागाच्या खडखडाटातच ऐकू येतो.

तशी या शहराला सरकारी निर्णयांची सवय जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभी राहिलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे सोलापूरकरांची ‘जुनी मिल’, गैरव्यवस्थापनामुळे ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली. हजारो कामगार रस्त्यावर येण्याची वेळ आली तेव्हा केंद्र सरकारने जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून आणि पुढे त्याचा कायदा करून गिरणीचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. एका भागधारकाने त्यास दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५० मध्ये बहुमताने फेटाळले. दुसऱ्या एका भागधारकाच्या प्रकरणात मात्र डिसेंबर १९५३ मध्ये न्यायालयाने उलट निकाल दिला. भरपाई न देता मालमत्ता हिरावून घेण्याचाच हा प्रकार आहे, असे त्याचे सार होते. १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीने अशा मर्यादित मुदतीच्या ताब्याला संरक्षण दिले, त्यामागे या निकालाची पार्श्वभूमी होती. देशाच्या राज्यघटनेत सोलापूरच्या गिरणीचा धागा असा गुंफला गेला आहे. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि वस्त्रोद्योगाचा भार यंत्रमागांवर आला. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या कौशल्यावर हा धंदा उभा राहिला.

टॉवेलची वीण समजून घेतली तर पुढचा हिशेब सोपा जातो. साध्या कापडाला ताण्याचा एक भीम पुरतो. टर्किश टॉवेलला दोन लागतात. एक घट्ट ताणलेला, जो कापडाचा पाया धरतो आणि दुसरा सैल सोडलेला, ज्यातून टॉवेलच्या अंगावरची वेटोळी उमटतात. टॉवेल पाणी शोषतो तो या वेटोळ्यांमुळे. अर्थातच त्यात सूत भरपूर जाते आणि उत्पादनखर्चाचा सर्वांत मोठा हिस्सा सुताचाच असतो. सुताचा भाव वाढला की त्याची झळ सोलापूरला इतर कापड केंद्रांपेक्षा लवकर आणि अधिक जाणवते.

या सुताच्या भावात राजकारण कसे मिसळलेले असते, याचे उत्तम उदाहरण २०१२ सालचे आहे. त्या वर्षी ५ मार्च रोजी केंद्र सरकारने कापूसनिर्यातीवर अचानक बंदी घातली. देशात कापूस उरला तर गिरण्यांना तो स्वस्त मिळेल, हा हेतू. कापूस उत्पादक राज्यांत संताप उसळला आणि तत्कालीन कृषिमंत्री शरद पवार यांनी आपल्याच सरकारच्या निर्णयावर जाहीर नाराजी व्यक्त केली. आठवडाभरातच सरकारला माघार घ्यावी लागली. श्री. पवार हे त्या वेळी सोलापूर जिल्ह्यातील माढ्याचे खासदार होते, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. स्वस्त सूत हवे असलेले यंत्रमाग आणि चढा भाव हवा असलेला कापूस उत्पादक, या दोघांच्या मध्ये राज्याचा कोणताही नेता सापडतोच. मतांची संख्या पाहता पारडे कोणाकडे झुकणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

हीच ओढाताण नंतरही चालू राहिली. २०२१ च्या अर्थसंकल्पात कापसाच्या आयातीवर शुल्क बसवण्यात आले. अधिभार धरून ते ११ टक्के होते. २०२२ मध्ये कापसाचा भाव ३५६ किलोंच्या खंडीमागे एक लाख रुपयांच्या वर गेला, तेव्हा एप्रिल ते ऑक्टोबर एवढ्यापुरते शुल्क माफ झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा माफी आली, तीही प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत आणि नंतर ३१ डिसेंबरपर्यंत. ही दुसरी माफी नवा कापूस बाजारात येण्याच्या हंगामातच पडल्याने शेतकरी संघटनांनी टीका केली. शेतकऱ्यांची तक्रार अवाजवी म्हणता येणार नाही. पण कारखानदाराची अडचण वेगळीच आहे. शुल्क किती हा त्याच्यासाठी दुय्यम प्रश्न असतो. तीन महिन्यांनंतर ते किती असेल हे कळत नाही, हा खरा घोर असतो. निर्यातीचा करार आज होतो आणि सूत उद्या घ्यावे लागते.

अमेरिकेचा दणका

माफीची वेळ ऑगस्ट २०२५ हीच का, याचे उत्तर अमेरिकेत आहे. त्या महिन्याच्या ७ तारखेपासून भारतीय मालावर २५ टक्के जादा शुल्क लागू झाले. रशियाकडून तेल खरेदी केल्याबद्दलचा दंड म्हणून २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्क्यांची भर पडली. सोलापूरच्या मागावर रशियाच्या तेलाचा थेंबही पडत नाही. पण दंड भरण्याची वेळ टॉवेलवर आली.

हिशेब असा. सुती टर्किश टॉवेलला जागतिक सीमाशुल्क वर्गवारीत ६३०२.६० हा क्रमांक आहे आणि त्यावर अमेरिकेचे मूळ शुल्क ९.१ टक्के आहे. त्यात ५० मिळवले की ५९.१ टक्के. म्हणजे शंभर डॉलरच्या मालावर ५९ डॉलर १० सेंट कर. त्याच वेळी पाकिस्तानवर जादा शुल्क १९ टक्के, बांगलादेशावर २० टक्के आणि तुर्कस्तानवर १५ टक्के होते. कराचीच्या टॉवेलला २८.१ टक्के आणि सोलापूरच्या टॉवेलला त्याच्या दुपटीहून अधिक! वीण तीच, क्रमांक तोच, फरक केवळ देशाच्या नावाचा. शुल्क भरतो तो अमेरिकेतील आयातदार, हे खरे. तथापि तो लगेच दूरध्वनी करून भावात सवलत मागतो, नाहीतर पुढची मागणी दुसऱ्या देशाकडे वळवतो. कागदोपत्री ज्याने भरला त्यानेच कर सोसला, असे व्यापारात सहसा होत नाही.

फेब्रुवारी २०२६ मध्ये हा जादा दर १८ टक्क्यांवर आणण्याचे उभय देशांनी जाहीर केले. त्या हिशेबाने टॉवेलवरील एकूण शुल्क २७.१ टक्के होते, म्हणजे पाकिस्तानपेक्षा कणभर कमी. अमेरिकेतील राजकीय आणि न्यायालयीन घडामोडींमुळे त्यानंतरही आकड्यांना स्थैर्य लाभले नाही. सहा महिन्यांत दहा ते पन्नास आणि पन्नास ते अठरा असा प्रवास करणाऱ्या आकड्यावर नवा माग घेण्याचे कर्ज कोण काढणार?

युरोपची गोष्ट निराळी आहे, तेथे गैरसोय जुनी आणि संथ आहे. युरोपीय संघाचे या टॉवेलवरील मूळ शुल्क १२ टक्के. मानवी हक्क, कामगार आणि पर्यावरण यांविषयीचे २७ आंतरराष्ट्रीय करार मान्य करण्याच्या अटीवर पाकिस्तानला १ जानेवारी २०१४ पासून या शुल्कातून सूट मिळाली. भारतीय माल त्या बाजारात एक पाऊल मागूनच उतरत आला. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी मुक्त व्यापार करारावर स्वाक्षऱ्या झाल्या आणि २७ जानेवारी २०२६ रोजी युरोपीय संघाशी वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा झाली, त्याकडे येथील निर्यातदार डोळे लावून बसले ते यामुळेच. २००५ च्या १ जानेवारीला वस्त्रांवरील जागतिक कोटापद्धत संपली, तेव्हा अशीच मोठी आशा होती. कोटा गेला, पण शुल्काची तफावत उरली.

संगणकाच्या पडद्यावरची चादर

देशांतर्गत बाजारात शत्रू आणि मित्र ओळखणे अधिक अवघड आहे. सोलापुरी चादर आणि सोलापूरचा टेरी टॉवेल या दोहोंना २००५-०६ मध्ये भौगोलिक उपदर्शन मिळाले. ज्या कायद्याखाली ते मिळाले तो अमलात येऊन तेव्हा दोन-तीन वर्षेच झाली होती. म्हणजे अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असलेल्यालाच हे नाव वापरता येते. पण ॲमेझॉन किंवा फ्लिपकार्टवर कोणी ‘सोलापुरी चादर’ असा शोध घेतला, तर समोर येणारी प्रत्येक चादर सोलापुरातच विणलेली आहे याची हमी काय? अन्य केंद्रांत विणलेला माल सोलापूरच्या नावाने खपवला जातो, ही येथील उत्पादकांची जुनी तक्रार आहे. नियमानुसार विक्रेत्याला मालाचा मूळ देश सांगावा लागतो. मूळ गाव सांगण्याचे बंधन नाही. ‘भारत’ एवढे लिहिले की कायद्याची पूर्तता झाली. माझ्या मते सोलापूरच्या दृष्टीने सर्वांत मोठी फट ही आहे आणि ती बुजवायला कोणत्याही परदेशी सरकारची परवानगी लागत नाही.

परदेशी भांडवल असलेल्या अशा कंपन्यांना भारतात केवळ बाजारपेठ चालवता येते, स्वतःचा माल ठेवून विकता येत नाही, असे २०१६ चे सरकारी धोरण आहे. वॉलमार्टने २०१८ मध्ये १६ अब्ज डॉलर मोजून फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा घेतला. त्याच वर्षी डिसेंबरात नियम अधिक कडक झाले आणि फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाले. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती आणि किराणा व कापड व्यापारी हा मोठा मतदारवर्ग, हे येथे विसरता येत नाही. स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये दोन्ही कंपन्यांच्या चौकशीचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२१ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे आरोप केला की, ॲमेझॉनने भारतात इतरांच्या खपाऊ वस्तूंची नक्कल करून आपली नाममुद्रा शोधयादीत वर आणली. कंपनीने तो नाकारला.

छोट्या कारखानदाराच्या दृष्टीने गणित असे की दुकान मांडायला जागा फुकट आहे, पण दिसायला पैसे पडतात. दलाली, पाठवणखर्च, परत आलेला माल आणि वर दिसण्यासाठीची जाहिरात, हे सारे एका टॉवेलच्या किमतीतूनच जायचे. शिवाय कंपनी विक्रीच्या रकमेतून वस्तू व सेवा कर आगाऊ कापते. तो दर जुलै २०२४ पासून १ वरून ०.५ टक्क्यावर आला. नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्याला १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा संकेतस्थळांवर विकण्याची मुभा मिळाली, परंतु आपल्याच राज्यात. म्हणजे सोलापूरचा घरगुती उत्पादक नागपूरला चादर पाठवू शकतो, मात्र तासा-दोन तासांच्या अंतरावरील विजापूर किंवा कलबुर्गीला नाही! तेलुगू आणि कन्नड ज्या शहराच्या बोलण्यात रोज असते, त्याच्यासाठी ही अट विशेष विचित्र आहे.

परदेशस्थ मराठी कुटुंबांना थेट चादरी पाठवणाऱ्यांचीही २०२५ मध्ये कोंडी झाली. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली शुल्कमाफी अमेरिकेने २९ ऑगस्टपासून बंद केली आणि त्याआधीच, २५ ऑगस्टपासून, आपल्या टपाल खात्याने अमेरिकेसाठीची बहुतेक सेवा स्थगित केली. ती १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली. दिवाळी त्या वर्षी २० ऑक्टोबरच्या सुमारास होती.