वळख बरं, मी कोन?

अंध माणसाला भेटताना वऱ्हाडात अनेकांना एक खोड असते. खांद्यावर हात ठेवायचा, आवाज जरा बदलायचा आणि विचारायचं, "वळख बरं, मी कोन?" विचारतात प्रेमानेच, पण दिवसातून दहा वेळा ही परीक्षा देणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. खरं तर बोलणारा माणूस ओळखणं फार अवघड नसतंच. वाशिमजवळच्या केकतउमऱ्यात 'चेतन सेवांकुर' हा अंध कलावंतांचा वाद्यवृंद आहे. सूर पकडणाऱ्या त्या कानांना गावातले आवाज काय चकवणार! चकवतात ते न बोलणारे. पारावर कोण बसलंय, एसटीत शेजारी कोण आहे, बैठकीतून कोण उठून गेलं, हे कानाला कळत नाही.

चेहरा ओळखणारा चष्मा आहे तो या अबोल माणसांसाठी.

इस्रायलच्या ओर्कॅम कंपनीचं 'मायआय' हे जेमतेम २२.५ ग्रॅमचं यंत्र चष्म्याच्या काडीला चुंबकाने चिकटतं. बंगळुरूच्या एसएचजी टेक्नॉलॉजीजचा 'स्मार्ट व्हिजन' चष्मा मोबाइलला जोडून चालतो. घडतं ते असं: कॅमेरा चित्रातला चेहरा शोधतो, सरळ करून घेतो आणि त्याचे आकडे मांडतो. गूगलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलेल्या 'फेसनेट' पद्धतीत एका चेहऱ्याचे १२८ आकडे होतात. आधी साठवलेल्या आकड्यांशी ते ताडून पाहायचे. अंतर कमी भरलं की कानात नाव येतं. पण 'कमी' म्हणजे किती? बाजार समितीत सोयाबीनच्या ओलाव्याला बारा टक्क्यांची रेघ असते, तशी इथेही एक रेघ आखावी लागते. ती सैल ठेवली तर परका माणूस काका ठरतो, घट्ट ठेवली तर सख्खी बहीण अनोळखी.

ही रेघ आपल्याकडे आणखी अवघड होते. वाशिमच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेला की माणसं दुपट्ट्यात डोळ्यांपुरती उरतात. स्कार्फ बांधून स्कूटीवर निघालेली मुलगी घरच्यांनाही पटकन ओळखू येत नाही, मग यंत्राचं काय घेऊन बसलात! शिवाय रंगाचा प्रश्न आहेच. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये तपासल्या. उजळ पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर ०.८ टक्के निघाली. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. आपल्या शिवारात राबणाऱ्या बाया कुठल्या रांगेत बसतात, ते सांगायला नको.

किमतीचंही बोलायला हवं. 'मायआय' परदेशात चार हजार डॉलरच्या आसपास विकलं गेलं. २०२४-२५ च्या ४,८९२ रुपये हमीभावाने हिशेब केला, तर ते सोयाबीनचे जवळपास सत्तर क्विंटल होतात. २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आलेल्या वाशिममध्ये हा चष्मा कुणाच्या नाकावर बसेल?

समोरच्याचा चेहरा त्याला न विचारता साठवावा का, हाही वाद आहे. २०२४ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी बाजारातल्या स्मार्ट चष्म्याला इंटरनेटवरच्या चेहराशोधाची जोड दिली आणि रस्त्यावरच्या अनोळखी माणसांची नावं काढून दाखवली. ते मला भयंकर वाटतं. पण ज्याने स्वतः ओळख करून दिली, तेवढ्यालाच लक्षात ठेवणारं यंत्र मला तरी खटकत नाही. डोळस माणूस याहून वेगळं काय करतो?

'मायआय'मधली एक सोय मात्र मला फार आवडली. नाव आपल्याच आवाजात नोंदवता येतं. म्हणजे मराठी येतं की नाही हा प्रश्नच मिटला, वऱ्हाडीही चालेल. 'मोठी माय' म्हणा, 'धाकला मामा' म्हणा. आणि मागचे पैसे न देता पारावर गुपचूप बसणाऱ्यासाठी 'उधारीवाला' म्हणून ठेवा.