गणवेशाची ताकद

काही महिन्यांपूर्वी आमच्या कार्यालयात एक परिचारिका आली. ग्रामीण भागातील एका रुग्णालयात कंत्राटी नोकरी. रात्री बाळंतिणीची प्रकृती बिघडली, डॉक्टर जागेवर नव्हते, फोन करूनही आले नाहीत. बाळ दगावले. सकाळी तिला सांगण्यात आले, डॉक्टर हजर होते असे केसपेपरवर लिही. तिने आम्हाला एवढेच विचारले, "साहेब, खरे लिहिले तर नोकरी जाते, खोटे लिहिले तर झोप जाते. मी काय करू?"

परिचारिकांच्या धैर्याची उदाहरणे आपल्याकडे कमी नाहीत. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात दहशतवादी घुसले, तेव्हा अंजली कुलथे कामावर होत्या. त्यांनी कक्षाचे दरवाजे बंद केले, २० गरोदर महिलांना आतल्या पँट्रीत हलवले. एकीला कळा सुरू झाल्या, तिला भिंतीच्या आधाराने प्रसूतिगृहात नेले. पुढे त्यांनी कसाबला ओळखले आणि न्यायालयात साक्ष दिली, तीही परिचारिकेच्या गणवेशात. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनेही त्यांचे म्हणणे ऐकले.

गोळीपुढे उभी राहणारी परिचारिका आपल्याला वंदनीय वाटते. साहेबापुढे उभी राहणारी मात्र उद्धट ठरते! हा दुटप्पीपणा आहे.

धैर्य ही दैवी देणगी नव्हे. अमेरिकन अभ्यासक ग्रेचेन स्प्रायट्झर यांनी १९९५ साली मानसिक सक्षमीकरणाची चार अंगे मांडली: कामात अर्थ वाटणे, आपल्याला ते जमते हा विश्वास, निर्णयाचे स्वातंत्र्य आणि आपल्या कृतीने फरक पडतो ही जाणीव. पहिली दोन आपल्या मुलींकडे आहेत. वस्तीतून, उसनवारी करून त्या एएनएम, जीएनएम झाल्या आहेत. उरलेली दोन व्यवस्थेने द्यायची असतात. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर ती कुठून येणार? पुस्तकातील शिकवण आणि सही करणारा हात यांच्यामध्ये पोटाची भीती उभी असते.

कायदा काय म्हणतो? डॉक्टर-परिचारिकांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० साली कायदा झाला. तो हल्लेखोर नातेवाइकाला तुरुंग दाखवतो. वरिष्ठांच्या दबावाचे काय? गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ साली संमत केला, पण तो अमलात आणणारी अधिसूचना वर्षानुवर्षे निघाली नाही.

म्हणून आम्ही परिचारिका भगिनींना सांगतो, तुमची नोंद हा पुरावा आहे. डॉक्टरांना किती वाजता कळवले, काय उत्तर मिळाले, हे त्याच वेळी लिहा, सही करा. तोंडी दबाव आला तर लेखी आदेश मागा. तक्रार एकटीने करू नका, चौघींनी मिळून करा. एकटीला काढून टाकणे सोपे असते, संघटनेला नव्हे.

त्या भगिनीने खरे तेच लिहिले. पुढे तिच्या कंत्राटाचे नूतनीकरण झाले नाही. आम्ही तिची बाजू लढवत आहोत. निकाल काय लागेल हे आज सांगता येत नाही. पण बाळाच्या आईला सत्य कळले, ते त्या एका नोंदीमुळे. आता प्रश्न तिच्या धैर्याचा नाही, आपल्या सोबतीचा आहे. ती सोबत आपण देणार आहोत का?