वजन उतरवायचं इंजेक्शन, पण पैसे कोणी द्यायचे?

अमेरिकेतल्या लेकीशी किंवा सुनेशी फोनवर बोलताना ‘आज माझा इंजेक्शनचा दिवस’ असं कानावर पडलं, तर एकदम घाबरून जाऊ नका. आठवड्यातून एकदा पोटाच्या कातडीखाली आपल्या हातानेच टोचून घ्यायचं ते वजन उतरवण्याचं औषध असतं. त्याने भूक मंदावते आणि दुसऱ्या पोळीकडे हात जात नाही. ‘सेमाग्लुटाइड’ हे त्यातले एक. मधुमेहासाठी ‘ओझेम्पिक’ या नावाने ते २०१७ साली तिकडे मंजूर झाले आणि वजनासाठी ‘वेगोवी’ म्हणून २०२१ साली. दुसरे ‘टिर्झेपेटाइड’, वजनासाठी त्याचे नाव ‘झेपबाउंड’.

औषध गुणाचे आहे, यात शंका नाही. वेगोवीच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी पंधरा टक्के वजन उतरले. पण बाजारात आले तेव्हा त्याची छापील किंमत होती महिन्याला १,३४९ डॉलर! तेव्हा घरोघरी पहिला प्रश्न एकच, विमा देतो का?

नॉर्थ कॅरोलायना राज्यातली गोष्ट पाहा. रॅले आणि कॅरी या गावांत आपली मराठी मंडळी पुष्कळ आहेत. तिथे शिक्षक व सरकारी नोकरांसाठी राज्याची ‘स्टेट हेल्थ प्लॅन’ ही योजना आहे. ती वजनाच्या औषधाचे पैसे देत असे. २०२३ साली हा खर्च दहा कोटी डॉलरपर्यंत गेला आणि विश्वस्त मंडळाला घाम फुटला. आधी ठरले, नव्या माणसांना द्यायचे नाही. मग जानेवारी २०२४ मध्ये मतदान होऊन १ एप्रिलपासून जुन्यांचेही बंद झाले. मधुमेहींचे चालू राहिले. सुमारे पंचवीस हजार माणसे ते घेत होती. आणि हे औषध थांबवले की भूक परत येते. त्याच चाचणीतल्या लोकांनी औषध सोडल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग पुन्हा चढला होता. अर्धवट सोडलेल्या उपासासारखे नव्हे हे, त्याहून वाईट.

आपल्या मुली बहुधा नवऱ्याच्या कंपनीच्या विम्यात असतात. माझी पुतणी तिथलीच. उंची पाच फूट एक इंच, वजन ६४ किलो. तिच्या आईला मधुमेह, आजीलाही होता. आणि हिची साखर सीमेवर येऊन ठेपलेली. डॉक्टरांनी कागद भरला, विम्याकडून नकार आला. का? तर वजन आणि उंचीचा जो हिशेब करतात, बी.एम.आय., तो तिचा साडेसव्वीस. तिकडची अट तीसची, किंवा रक्तदाबासारखे दुखणे सोबत असेल तर सत्तावीसची. म्हणजे किलोभराने चुकले! आपल्याकडचे तज्ज्ञ पंचवीसच्या वर गेले की लठ्ठपणा म्हणतात, कारण आपल्या लोकांच्या पोटावरची चरबी कमी वजनातही साखरेला आमंत्रण देते. पण विम्याच्या कागदाला आपली हाडं-मांसं कशी कळणार?

नवरा म्हणाला, “अगं, फोनवरचे डॉक्टर आहेत ना. फॉर्ममध्ये दोन किलो वाढवून लिही, कोण बघतंय?” पुतणी दोन रात्री विचार करीत होती. शेवटी म्हणाली, “खोट्या वजनावर औषधाचा डोस मी घेणार नाही.” मला तिचे कौतुक वाटले. तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तूर्त मेटफॉर्मिनच्या स्वस्त गोळ्या आणि आहारतज्ज्ञ सुचवली आहे. बाकी विम्याची योजना बदलता येते ती वर्षाअखेरीस, तेव्हा बघू.

फोनवरचे डॉक्टर सगळेच वाईट, असे मी म्हणत नाही. मात्र पेशंट ज्या राज्यात बसलेली असेल त्या राज्याचा परवाना डॉक्टरकडे लागतो. तो आहे का, हे बेधडक विचारावे. आणि औषध बंद पेनातून येणार की कुपीतून? आपल्याकडे पूर्वी दवाखान्यातला कंपाउंडर बाटलीत मिश्रण भरून कागदाच्या खुणा चिकटवून देत असे, आठवतं? तसलीच मिश्रणे मूळ औषधाची टंचाई होती तोवर तिकडे राजरोस विकली जात. २०२५ च्या फेब्रुवारीत सेमाग्लुटाइडची टंचाई संपल्याचे सरकारने जाहीर केले आणि ती सवलत आवरली. कुपीतून सिरिंजने औषध ओढताना मिलिग्रॅम, मिलिलिटर आणि ‘युनिट’ यांचा घोळ होऊन काहींनी पाचपासून वीसपट डोस घेतला, असा इशारा २०२४ साली सरकारी औषध खात्याने दिला होता. उलट्यांनी हैराण होऊन इस्पितळात जावे लागलेले होते त्यांत.

विम्याने नाकारले की नकाराचे पत्र नीट वाचायला सांगा. ‘योजनेत वजनाचे औषधच नाही’ असे असेल, तर अपिलात दम नाही. नवऱ्याने कंपनीच्या माणसांकडे शब्द टाकावा, कारण मोठ्या कंपन्यांत काय द्यायचे ते बहुधा मालकच ठरवतो. पण ‘गरज सिद्ध होत नाही’ असे असेल तर १८० दिवसांत अपील करता येते. तेही फेटाळले तर बाहेरच्या तपासणीची सोय आहे. नॉर्थ कॅरोलायनात विमा खात्याची ‘स्मार्ट एनसी’ ही शाखा याबाबत फुकट मदत करते.

आणखी एक, जे मुली आईला सांगत नाहीत. टिर्झेपेटाइड सुरू करताना आणि डोस वाढवताना प्रत्येक वेळी चार आठवडे गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबून चालत नाही, दुसरी काळजी घ्यावी लागते. आणि मूल हवे असेल तर सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी बंद करावे लागते. जवळच्या नात्यात मेड्युलरी जातीचा थायरॉइडचा कर्करोग कुणाला झाला असेल, तर ही औषधे घ्यायचीच नसतात. घरात कुणाला कसला थायरॉइड होता, हे लेकीला नसते ठाऊक. ते तुम्हालाच सांगावे लागेल.