मुंग्यांचा उपद्रव व नियंत्रण
मुंग्यांचा समावेश कीटक वर्गाच्या हायमेनॉप्टेरा गणातील फॉर्मिसिडी कुलात होतो. वाळवीला ‘पांढरी मुंगी’ म्हणण्याचा प्रघात असला, तरी ती मुंगी नव्हे; तिचे जवळचे नाते झुरळांशी आहे व तिच्यावरील उपायही निराळे आहेत.

घरात रांगेने दिसणाऱ्या मुंग्या म्हणजे अन्नशोधार्थ बाहेर पडलेला वसाहतीचा अल्पसा भाग होय. राणी, अळ्या व बहुतेक कामकरी मुंग्या भिंतींच्या भेगांत, फरशीखाली किंवा अंगणातील मातीत असतात. अन्न सापडलेली कामकरी मुंगी परतताना वाटेवर गंधद्रव्य सोडते व तिच्या मागाने इतर मुंग्या येतात. म्हणून वाट साबणाच्या पाण्याने पुसून काढणे आणि भेगा बुजविणे हे पहिले उपाय होत. फडताळाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याची जुनी पद्धत अद्यापि उपयुक्त आहे. मात्र पाण्यात डासांची अंडी राहू नयेत, म्हणून ते वरचेवर बदलावे व वाट्या घासून घ्याव्यात.

कीटकनाशकाच्या फवाऱ्याने समोरच्या मुंग्या मरतात, राणी सुरक्षित राहते. फेरो मुंगी (मोनोमोरियम फेरॉनिस) या सु. २ मिमी. लांबीच्या पिवळसर जातीत तर फवारणीने उपद्रव वाढू शकतो. तिच्या वसाहतीत अनेक राण्या असतात व त्रास होताच वसाहतीचे तुकडे होऊन नव्या वसाहती उभ्या राहतात. रुग्णालयांत ही मुंगी जखमांच्या पट्ट्यांत शिरते व रोगकारक सूक्ष्मजंतू वाहून नेते, म्हणून तेथे ही चूक विशेष महाग पडते.

याउलट मंद विषाचे आमिष वसाहतीच्या मुळाशी पोहोचते. कामकरी मुंगी द्रव अन्न अन्नपुटात साठवून नेते व ते राणीला आणि अळ्यांना भरविते. साखरेच्या पाण्यात सु. १ टक्का बोरिक अम्ल मिसळून ते कापसाच्या बोळ्यावर ठेवतात. प्रमाण वाढविल्यास मुंगी वाटेतच मरते किंवा आमिष टाळते. परिणामास काही आठवडे लागतात. तेवढा धीर नसल्यामुळेच हा उपाय बहुधा अर्धवट सोडला जातो. बोरिक अम्ल माणसासही विषारी असल्याने आमिष मुलांच्या व पाळीव प्राण्यांच्या हाती लागू देऊ नये.

बागेत मुंग्यांचे प्रत्यक्ष नुकसान थोडे, अप्रत्यक्ष अधिक असते. मावा, खवले कीटक व पिठ्या ढेकूण यांच्या शरीरातून स्रवणाऱ्या गोड द्रवासाठी मुंग्या त्यांचे रक्षण करतात आणि त्यांना खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकून लावतात. त्या द्रवावर काळी बुरशी वाढून पाने काजळतात. अशा वेळी खोडाभोवती चिकट पट्टा बांधावा व जमिनीस किंवा भिंतीस टेकणाऱ्या फांद्या छाटाव्यात. वारुळात उकळते पाणी ओतल्यास मुळे भाजतात. बीएचसीची भुकटी पूर्वी सर्रास वापरीत. भारतात तिच्यावर १९९७ मध्ये बंदी आली.

सर्वच मुंग्या मारण्याजोग्या नसतात. पाने जोडून घरटे करणारी तांबडी विणकर मुंगी (ईकोफिला स्मॅरॅग्डिना) कडकडून चावते, पण फळझाडांवरील अनेक किडी खाते. चीनमध्ये संत्रावर्गीय फळांच्या बागांत तिची घरटी मुद्दाम आणून टांगीत आणि झाडाझाडांमध्ये तिच्या येण्याजाण्यासाठी बांबूचे पूल बांधीत.