हायड्रोस्टॅटिक प्रेषणाच्या लहान ट्रॅक्टरातील क्लचचे प्रयोजन

यंत्रातील एखाद्या भागाचे नाव आणि स्थान कायम राहावे, परंतु त्याचे कार्य मात्र मुळातून बदलावे, असे अभियांत्रिकीत अनेकदा घडते. हायड्रोस्टॅटिक प्रेषण असलेल्या लहान ट्रॅक्टरातील क्लच हे त्याचे उत्तम उदाहरण होय. चालकाच्या डाव्या पायाखाली पेडल पूर्वीसारखेच असते; म्हणून त्याचा उपयोगही पूर्वीसारखाच असावा, असा समज सहज होतो. हा समज सपाट जमिनीवर केवळ गैरसोयीचा ठरतो. उतारावर तो घातक ठरू शकतो. या क्लचचे खरे कार्य कोणते, याचे विवेचन करण्याचा येथे हेतू आहे.

१. पार्श्वभूमी

मुंबईच्या उपनगरांचा ट्रॅक्टरशी संबंध जुना आहे. महिंद्र आणि महिंद्र, अमेरिकेतील इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्या सहकार्याने १९६३ मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि अंधेरी व बोरिवली यांच्या दरम्यान असलेल्या कांदिवली येथे बी-२७५ या ट्रॅक्टरांची निर्मिती होऊ लागली. हा ट्रॅक्टर दंतचक्रांच्या गिअरबॉक्सचा होता. त्याच आणि तशाच ट्रॅक्टरांवर आपल्याकडील चालकांच्या पिढ्या तयार झाल्या व क्लच वापरण्याची त्यांची सवयही त्यांवरच घडली.

हायड्रोस्टॅटिक प्रेषणाची कल्पनाही त्या काळाला अपरिचित नव्हती. ब्रिटनमधील राष्ट्रीय कृषि-अभियांत्रिकी संस्थेने १९५४ मध्ये असा एक प्रायोगिक ट्रॅक्टर सिद्ध केला होता, आणि कांदिवलीच्या कारखान्यातील भागीदार असलेल्या इंटरनॅशनल हार्वेस्टरनेच १९६७ मध्ये अमेरिकेत ६५६ हा हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टर बाजारात आणला. पुढे महिंद्र कंपनीनेही अमेरिकेतील ग्राहकांसाठी या प्रकारचे लहान ट्रॅक्टर विक्रीस आणले. भारतीय शेतात मात्र गिअरबॉक्सचेच प्राबल्य राहिले. त्यामुळे आपल्या विद्यार्थ्याला हे यंत्र भेटते, ते जुन्या यंत्राच्या सवयींसह.

२. गिअरबॉक्सच्या ट्रॅक्टरातील क्लच

इंजिन ठराविक वेगाखाली चालू राहू शकत नाही. चाके मात्र शून्यापासून सुरू व्हावी लागतात. या दोहोंमधील अंतर भरून काढण्याचे काम क्लचची तबकडी स्वतः घसरून करते. गिअर बदलताना शक्तीचा प्रवाह क्षणभर तोडणे, हे तिचे दुसरे कार्य. म्हणजे येथे क्लच हे गती नियंत्रित करण्याचे साधन आहे. चालक अर्ध्या क्लचवर ट्रॅक्टर सरकवतो, तेव्हा तो याच गुणधर्माचा उपयोग करीत असतो. त्याची किंमत तबकडीच्या झिजेने आणि उष्णतेने चुकवावी लागते.

३. हायड्रोस्टॅटिक प्रेषणाची रचना

या प्रेषणात इंजिन एक पंप फिरवते. पंपातील दट्टे एका तिरप्या तबकडीवर टेकलेले असतात. तबकडीचा कोन जितका अधिक, तितकी दट्ट्यांची धाव अधिक आणि प्रत्येक फेऱ्यास ढकलल्या जाणाऱ्या तेलाचे आकारमानही अधिक. हे तेल बंद मार्गाने द्रवचालित मोटरकडे जाते, तिला फिरवते आणि परत पंपाकडे येते. गळतीने कमी होणारे तेल एक लहान पूरक पंप सतत भरून काढतो.

गतीचे पेडल ही तबकडी तिरपी करते. कोन शून्य असताना पंप फिरत राहतो, परंतु तेल वाहत नाही, आणि ट्रॅक्टर उभा राहतो. कोन विरुद्ध दिशेस वळताच तो मागे चालू लागतो. अर्थात निघणे, थांबणे आणि मागे जाणे या तिन्ही क्रियांना क्लचची आवश्यकता उरत नाही. पूर्वी तबकडीच्या घसरण्याने जे साधत असे, ते येथे तेलाच्या प्रवाहाने साधते.

४. मग क्लच कशासाठी?

काही लहान ट्रॅक्टरांत क्लचचे पेडल मुळीच नसते. जेथे ते असते, तेथे क्लच बहुधा इंजिन आणि पंप यांच्यामध्ये बसवलेला असतो व त्याची कार्ये मोजकी असतात. थंड हवेत दाट झालेल्या तेलातून पंप फिरवण्याचा भार इंजिन सुरू करताना स्टार्टरवर पडू नये, हे पहिले. यांत्रिक जोडणीचा पी.टी.ओ. गुंतवताना किंवा सोडवताना फिरणारे भाग थांबवणे, हे दुसरे. बिघाडाच्या प्रसंगी इंजिन बाकीच्या यंत्रणेपासून तत्काळ तोडणे, हे तिसरे. द्रवदाबावर चालणारा स्वतंत्र क्लच पी.टी.ओ.ला असेल, तर दुसरे कार्यही उरत नाही.

मंद आणि जलद टप्प्यांचा गिअर मोटर आणि चाके यांच्यामध्ये असतो. क्लच दाबल्याने चाके थांबत नाहीत. म्हणून चालत्या ट्रॅक्टरात हा टप्पा बदलण्यास क्लच साहाय्य करू शकत नाही. ट्रॅक्टर पूर्ण थांबवूनच टप्पा बदलला पाहिजे. रोटाव्हेटर चालू असता अडथळा आल्यास जुन्या सवयीचा चालक क्लच दाबतो, क्लच पी.टी.ओ.लाही तोडणारा असेल, तर अवजार मातीतच थांबते. वास्तविक गतीचे पेडल सोडणे पुरेसे असते. तसे केल्यास ट्रॅक्टर थांबतो, परंतु अवजार आपल्या वेगाने फिरत राहते.

५. उतारावरील प्रश्न

ट्रॅक्टर उतारावरून खाली येत असता चाके मोटरला फिरवतात, मोटर पंपासारखी वागते, आणि पंप मोटरसारखा होऊन इंजिनाला फिरवू पाहतो. इंजिनाचा विरोध हाच येथे ब्रेक होय. अशा वेळी गतीचे पेडल दाबलेले असताना क्लच दाबला, तर पंपाचा इंजिनाशी संबंध तुटतो, विरोध नाहीसा होतो आणि ट्रॅक्टर मोकळा धावू लागतो. वेग स्थिर ठेवणारी खटकी लावलेली असेल, तर पाय काढूनही कोन तसाच राहतो.

कोन शून्यावर असल्यास तेलाचा मार्ग बंद राहून ट्रॅक्टर बराचसा रोखला जातो. तथापि गळती चालूच असते, आणि पंपाच्या दंडावरच बसवलेला पूरक पंप क्लचबरोबर थांबलेला असल्याने ती भरून निघत नाही. ट्रॅक्टर हळूहळू सरकतो. टप्प्याचा गिअर मोकळा ठेवल्यास तर तेलाचा काहीच आधार उरत नाही. म्हणून उतारावर क्लचला हात, नव्हे पाय, लावू नये. गतीचे पेडल सावकाश सोडावे, आणि उभे राहावयाचे असल्यास हाताचा ब्रेक लावावा.

६. अतिभार आणि इंजिन

इंजिन दबू लागले की क्लच दाबण्याची किंवा गतीचे पेडल आणखी दाबण्याची इच्छा होते. दोन्ही उपाय चुकीचे आहेत. समजा, पंप आणि मोटर यांचे प्रत्येकी पूर्ण आकारमान एका फेऱ्यास २८ घनसेंटिमीटर आहे आणि भारामुळे तेलाचा दाब २०० बार झाला आहे. ऱ्हास वगळता मोटरचे परिबल सुमारे ८९ न्यूटन-मीटर येते. पंपाचा कोन पूर्ण असल्यास इंजिनावरही तितकेच परिबल पडते. मिनिटाला २,६०० फेऱ्यांस २५ अश्वशक्ती देणारे इंजिन सुमारे ६७ न्यूटन-मीटरच देऊ शकते. म्हणून ते बंद पडेल. पंपाचे आकारमान १४ घनसेंटिमीटर इतके उतरवल्यास चाकांवरील ओढ तीच राहते, वेग निम्मा होतो, आणि इंजिनावरील परिबल सुमारे ४५ न्यूटन-मीटर इतके उतरते. पेडल सैल करणे म्हणजे खालचा गिअर टाकणे होय. तेही शक्तीचा प्रवाह न तोडता.

७. निष्कर्ष

गिअरबॉक्सच्या ट्रॅक्टरात क्लच गती घडवतो. हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टरात तो केवळ संबंध तोडतो. पहिल्यात त्याचा वापर सतत, दुसऱ्यात क्वचित आणि पूर्णपणे करावयाचा असतो. त्यावर पाय ठेवून बसणे वा अर्धा दाबणे यास येथे काहीच अर्थ नाही. निर्मात्यानुसार रचनेत भेद असल्याने प्रत्येक यंत्राची पुस्तिका पाहणे अवश्य आहे. तथापि क्लच कोणते दोन भाग जोडतो आणि तो तुटल्यावर चाकांना कोण अडवते, हे दोन प्रश्न विचारण्याची सवय ज्याला लागली, त्याला अपरिचित ट्रॅक्टरावरही सहसा धोका संभवणार नाही. चालकांच्या प्रशिक्षणात पेडलांच्या क्रमाआधी हे दोन प्रश्न शिकवले जाणे इष्ट होय.