डबा एकाकडे, कागद दुसऱ्याकडे

फिल्मचा डबा उघडला की आधी वास घ्यायचा. व्हिनेगरसारखी आंबट वाफ नाकात गेली, की तपासनीस काही न बोलता रजिस्टरात खूण करतात आणि डबा वेगळ्या रॅकवर सरकवतात. नायट्रेटनंतरच्या जुन्या फिल्मचा पाया ॲसिटेटचा. उष्ण, दमट हवेत तो कुजू लागला की ॲसिड सुटतं, फिल्म आकसते आणि शेजारच्या डब्यांनाही लागण होते.

पुण्यातल्या फिल्म तपासणीच्या टेबलाशी मी नुसता बघत बसलो होतो. हातात पातळ सुती मोजे. रीळ हातानेच गुंडाळायचं, फिल्मच्या दोन्ही कडा बोटांच्या चिमटीतून जाऊ द्यायच्या. फाटलेलं छिद्र, सुटत आलेला जोड डोळ्यांच्या आधी बोटाला कळतो. हजार फुटांचं रीळ पडद्यावर अकरा मिनिटांत संपतं. इथे त्यात अख्खी सकाळ गेली.

टेबलावर सत्तरच्या दशकातला एक रंगीत मराठी चित्रपट होता. नायिकेची साडी, झाडं, आभाळ, सगळं गुलाबी. त्या काळच्या रंगीत प्रिंटमधला निळसर रंग आधी उडतो, उरतो तो हा. प्रिंट जत्रेतल्या तंबूंतून फिरून आलेली, दोन गाणी कोणीतरी कापून नेलेली. चित्राची निगेटिव्ह दुसरीकडे सापडली होती, आवाजाची नाही. “तोंड हलतंय, बोलत नाही,” तपासनीस म्हणाले.

असा चित्रपट डीव्हीडीवर का येत नाही, याला लोकांचं आवडतं उत्तर म्हणजे सरकारने दाबला. ‘किस्सा कुर्सी का’चं तसं झालंही; आणीबाणीत त्याच्या प्रिंट आणि निगेटिव्ह जाळल्या गेल्या आणि दिग्दर्शक अमृत नाहटांना तो नव्याने करून १९७८मध्ये आणावा लागला. पण बहुतेक चित्रपट अडतात ते थकलेल्या बिलापायी. निर्मात्याने फायनान्सरकडून पैसा उचललेला, निगेटिव्ह लॅबकडे. चित्रपट दोन आठवड्यांत उतरला, लॅबचं बिल तसंच राहिलं, म्हणून डबा लॅबने सोडला नाही. पुढे निर्माता गेला, वारस तिघे, आपसांत बोलत नाहीत. लॅबही बंद पडली. करारात पस्तीस आणि सोळा मिलिमीटरचे हक्क वितरणाच्या टेरिटरीगणिक वाटलेले. व्हिडिओचा उल्लेख नाही, कारण कराराच्या वेळी कोणाच्या घरी व्हिडिओ नव्हता. गाणी रेकॉर्ड कंपनीकडे.

व्हिडिओचे हक्क घेणाऱ्याला पहिल्या करारापासून आजपर्यंतची कागदांची अखंड साखळी लागते. मधलं एक हस्तांतरण गहाळ असलं, की वकील फाइल मिटतो. मला यात त्याचा दोष दिसत नाही. फ्रेमगणिक साफसफाईवर पैसा ओतायचा आणि प्रकाशनानंतर चौथा वारस उभा राहायचा, हा धोका कोण घेईल?

कायद्याने चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो. म्हणजे १९६४पर्यंतचे तरी मोकळे झाले. पण मग दुसरीच गंमत होते: कोणीही काढू शकतो, म्हणून नीट काढायला कोणी पैसा घालत नाही.

कधी प्रत देशाबाहेरच सापडते. विजय तेंडुलकरांच्या नाटकावरचा ‘घाशीराम कोतवाल’ १९७६मध्ये युक्त फिल्म सहकारी संस्थेच्या तरुण मंडळींनी केला. ओम पुरी घाशीराम, मोहन आगाशे नाना फडणवीस. पुण्याच्या पेशवाईवरचा हा मराठी चित्रपट, आणि त्याचं डिजिटल पुनरुज्जीवन झालं ते बर्लिनच्या आर्सेनल संस्थेने जपलेल्या प्रतीवरून. म्हणूनच तपासनिसांच्या यादीत एक रकाना असाही आहे: परदेशी महोत्सवाला गेला होता का? तिकडे राहिलेल्या प्रतीवर बहुधा उपशीर्षकं कायमची छापलेली असतात, तेवढं सोसावं लागतं. गाणी मात्र शाबूत असण्याची शक्यता जास्त. तिकडच्या ऑपरेटरला ती कापून नेण्यात काय रस?